रेषेवरचे अकरा ठिपके

आमच्या साहेबांना आभाळाकडे बघताना मी कधीच पाहिलं नाही. पाऊस येईल का असं कुणी विचारलं, तर ते खिडकीतून समोरच्या शेडचा पत्रा बघून सांगायचे. रात्री नऊला झोपायचे. घरात दुर्बीण नव्हती, आणि असती तर त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, तिच्यावर टॉवेल वाळत घातले असते. सप्तर्षी कुठले, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "असतील कुठंतरी. कॅलेंडरवर बघा." एवढं असूनही ताऱ्यांत त्यांच्याइतका बुडालेला माणूस मला पुन्हा भेटला नाही. आणि अशा माणसाच्या अकरा वर्षांच्या कामात माती कालवायला देवानं नेमकं मला पाठवलं. माझ्या हातून आयुष्यात मोठी कामं फारशी झाली नाहीत. हे एक झालं, आणि तेही मी अगदी मन लावून केलं.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा निम्मे प्लॉट मोकळेच होते. एका बाजूला कारखान्याचा भोंगा आणि दुसऱ्या बाजूला म्हशी, असा सगळा कारभार. तिथल्या एका बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या फाउंड्रीत मी लॅबमध्ये ज्युनियर केमिस्ट म्हणून लागलो. बीएस्सी, सेकंड क्लास, तोही काठावरचा. येवल्याला आमच्या आईनं गल्लीभर सांगितलं, "आमचा शास्त्रज्ञ झाला." शास्त्रज्ञ काय करायचा, तर भट्टीतून ओतलेल्या लोखंडाचा तुकडा यायचा, त्याला ड्रिलनं भोक पाडायचा, भुगा गोळा करायचा, आणि त्यात कार्बन किती, सिलिकॉन किती हे काढून वहीत लिहायचा. भट्टीच्या प्रत्येक खेपेला 'हीट' म्हणायचे. हीटला नंबर असायचा, नंबरासमोर माझे आकडे आणि आकड्यांखाली साहेबांची सही.

साहेब चीफ केमिस्ट होते. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडासारखी. सिडकोतून सायकलवर यायचे, ते पांढरा एप्रन घरूनच चढवून. त्यामुळे वाटेत लोक त्यांना डॉक्टर समजायचे. त्रिमूर्ती चौकात एका बाईनं त्यांना थांबवून पोराचा घसा दाखवला होता. साहेबांनी सायकल स्टँडवर लावली, घसा नीट बघितला आणि म्हणाले, "बाई, मी लोखंड तपासतो. पण घसा लाल आहे एवढं मी बघितलंय, तेवढं खात्रीनं सांगतो. पुढचं डॉक्टरला विचारा." हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, आणि यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

ते सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणायचे. भट्टीवाल्याला, मॅनेजरला, मलाही. माझं आडनाव त्यांच्या लक्षात राहत नसे, म्हणून मी 'येवलेवाले' झालो. पुढे पुढे तर गेटवरचा वॉचमनही मला त्याच नावानं हाक मारायला लागला.

साडेबाराला डब्याची सुट्टी व्हायची. साहेब सात मिनिटांत दोन भाकऱ्या संपवायचे, टेबल ओल्या फडक्यानं पुसायचे आणि कपाटातून आलेखाचा मोठा कागद काढून पसरायचे. कडेनं टोकदार पेन्सिली, लॉगरिदमचं फाटकं पुस्तक आणि एक पारदर्शक पट्टी. एकच्या भोंग्याला कागद पुन्हा कपाटात. असं अकरा वर्षं चाललं होतं. सुट्टीच्या वेळेबाहेर एक मिनिट त्यांनी त्या कागदाला हात लावला नाही, आणि सुट्टीतलं एक मिनिट कारखान्याला दिलं नाही.

एकदा मी विचारलं, "साहेब, हे काय असतं?"

त्यांनी माझ्या डब्याचं झाकण ओढून घेतलं. "ही आपली आकाशगंगा. चपटी असते. सूर्य इकडं, मध्यापासून बराच बाहेर. आता हे..." माझ्याच डब्यातले भाजलेले शेंगदाणे त्यांनी उचलले. "हे तारकागुच्छ. एकेका गुच्छात लाखभर तारे, एकमेकांना धरून बसलेले. सगळे या झाकणाच्या मध्याभोवती फिरतात. काही असे, झाकणाला धरून, जवळच्या जवळ, गोल. आणि काही हे असे." एक शेंगदाणा त्यांनी टेबलाच्या टोकापर्यंत लांब नेला, तिथून खाली आणला, झाकणाच्या शेजारून टेबलाखाली घातला आणि पलीकडून वर काढला. "लांबच लांब. वरून येतात, आरपार खाली जातात, पुन्हा वर. एका फेरीला कोट्यवधी वर्षं."

"बरं," मी म्हणालो. माझं लक्ष शेंगदाण्यांकडे.

"बरं काय? कोण जवळ फिरणार आणि कोण लांब, हे कशावरून कळतं सांगा."

"नशिबावरून?"

"ते कशाचे बनलेत त्यावरून! ज्यात धातू जास्त, तो जवळ फिरतो. ज्यात धातू कमी, तो लांब भटकतो. प्रकाशावरून धातू कळतात, मोजलेले आहेत लोकांनी." मग एकदम त्यांचा पारा चढला. "आणि हे खगोलवाले धातू कशाला म्हणतात माहिताय? हायड्रोजन आणि हेलियम सोडून सगळ्याला! ऑक्सिजन धातू, कार्बन धातू! माझ्या लॅबमध्ये असते ना, तर पहिल्या दिवशी हाकलले असते."

राग शांत झाल्यावर त्यांनी कारण सांगितलं. अगदी सुरुवातीला धातू नव्हतेच. पहिले तारे पेटले, जळले, फुटले, त्यांच्या राखेत धातू आले आणि त्या राखेतून पुढचे तारे घडले. म्हणजे धातू कमी असलेला गुच्छ पहिल्या हीटचा माल. तो घडला तेव्हा आकाशगंगा चपटी झालेली नव्हती, सगळा पसारा लांबवर होता, म्हणून तो अजूनही लांब लांब फिरतो. "आपण नाही का, तुकडा तपासून सांगतो की हा सकाळच्या भट्टीचा का दुपारच्या? तसंच. वर काही वेगळं नसतं."

खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. आपण दिवसभर करतो ती हमाली आभाळातसुद्धा चालते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शेंगदाणे मात्र मी नंतर खाल्ले.

हा नियम साहेब माणसांनाही लावायचे. "आधी कशाचा बनलाय बघा, मग कुठं फिरतो ते विचारा," हे त्यांचं पालुपद. स्टोअरकीपर म्हणजे धातू भरपूर, घर ते कारखाना आणि कारखाना ते घर. माझ्याकडे त्यांनी एकदा चष्म्यातून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तुमच्यात धातू फार कमी, येवलेवाले. तुम्ही लांब जाणार." मी हुरळलो. घरी पत्रात कळवलंसुद्धा. महिनाभरानं लक्षात आलं की ते माझ्या हजेरीबद्दल बोलत होते.

त्यांच्या घरी मी दोनतीनदा गेलो. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाकी सगळीकडे रद्दीच्या पाठीवर केलेली गणितं. काकू निफाडकडच्या. चहा देता देता मला म्हणाल्या, "लय येगळा माणूस हाय ह्यो. मला बघाया आले तव्हा बापाला इचारलं, हिरीचं पाणी कसं हाय? बापाला वाटलं तहान लागली आसंल, तांब्या भरून आणला. ह्यांनी खिशातून बाटली काढली आन् तपासायला घेऊन गेले. माझ्याकडं नाय बघितलं त्यांनी."

"बघितलं होतं," साहेब आतून म्हणाले. "पाणी जड होतं."

कामाच्या बाबतीत हा माणूस म्हणजे दगड. भट्टी तापलेली, साचे मांडून ठेवलेले, मॅनेजर लॅबच्या दारात उभा राहून ओरडतोय, "अहो, कार्बन किती ते सांगा, माल थंड होतोय!" साहेब ब्युरेटच्या काचनळीतला शेवटचा थेंब पडायची वाट बघत बसलेले. "आकडा अजून झालेला नाही," एवढंच म्हणायचे. मॅनेजर म्हणायचा, "अंदाजे सांगा." त्यावर ते असं बघायचे, की जणू मॅनेजरनं त्यांच्यासमोर सदरा काढला.

आणि त्याच लॅबमध्ये, त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर, मी 'पेनाची टेस्ट' करायचो. हे आमच्या ज्युनियर लोकांचं खास तंत्र होतं. रोज तीच भट्टी, तोच माल, आकडे काय बदलणार? चार हीट खरोखर तपासायच्या आणि पाचवी पेनानं लिहायची. त्यातही कसब होतं बरं का! नवखा माणूस मागचाच आकडा पुन्हा लिहितो आणि पकडला जातो. मी शेवटचा अंक जरा हलवायचो, कधी वर, कधी खाली, एखादा मुद्दाम किंचित वाईट. माझी खोटी पानं खऱ्या पानांपेक्षा खरी दिसायची. या कलेत मला फर्स्ट क्लास मिळाला असता.

साहेबांच्या आलेखावर आडव्या बाजूला धातू होते आणि उभ्या बाजूला गुच्छ किती लांब भटकतो ते. जवळचे आणि मधले गुच्छ त्यांनी जुन्या पुस्तकांतून आणून मांडले होते, आणि ते साधारण एका तिरक्या रेषेच्या आसपास पडत होते. प्रश्न होता तो फार लांबच्या गुच्छांचा. हाच नियम तिथपर्यंत चालतो का? चालला तर अख्ख्या आकाशगंगेची घडण एका रेषेत आली. या प्रश्नासाठी ते दोन वर्षं अडून बसले होते. लांबच्या गुच्छांचे आकडे परदेशी नियतकालिकांच्या ज्या अंकांत होते, ते पुण्याच्या एका ग्रंथालयात होते. अंक बाहेर देत नसत, बसून उतरवून घ्यायचे. साहेबांना रजा घेणं जमत नव्हतं, आणि मला तर रजेशिवाय काही जमत नव्हतं.

"येवलेवाले, तुम्ही पुण्याला जाताय ना शनिवारी? मावशीकडे?" त्यांनी मला एक आखलेला कागद दिला. गुच्छाचा क्रमांक, अंतर, वेग, धातू. चार रकाने. "सावकाश उतरवा. उतरवल्यावर पुन्हा एकदा वाचा."

मी गेलो. सकाळी साडेदहाला बसलोसुद्धा. एकेक ओळ उतरवण्यापेक्षा एकेक रकाना उभा उतरवला तर लवकर होईल, हे माझं डोकं. क्रमांक झाले, अंतरं झाली, वेग झाले. मग भूक लागली. शेजारच्या खानावळीत त्या दिवशी शिकरण होती. मी किती पोळ्या खाल्ल्या ते इथं सांगत नाही. परत येऊन पंख्याखाली बसलो, धातूंचा रकाना सुरू केला, आणि पुढचं मला आठवतं ते शिपाई माझा खांदा हलवत होता. "ओ पाहुणे, उठा. बंद करायचंय." माझा गाल त्या परदेशी अंकावर टेकलेला. शिपायानं अंक माझ्या गालाखालून ओढून घेतला आणि कपाटात टाकून कुलूप लावलं. धातूंच्या रकान्यातले शेवटचे अकरा आकडे राहिले होते. यादी अंतरानुसार होती, म्हणजे राहिलेले अकरा सगळ्यात लांबचे.

परतीच्या एसटीत मी तो कागद मांडीवर घेतला. परत कोण येणार? आणि साहेबांना काय सांगणार, शिकरण? नियम मला तोंडपाठ होता, अंतर वाढलं की धातू कमी. नारायणगाव सोडलं तेव्हा मी पेन काढलं आणि संगमनेर येईपर्यंत अकरा आकडे लिहून मोकळा झालो. शेवटचा अंक हलवला. दोन मुद्दाम जरासे चुकीचे ठेवले, म्हणजे खरे वाटावेत. खड्ड्यांमुळे अक्षर वाकडं आलं, त्यानं तर आणखीच खरं वाटायला लागलं.

साहेबांनी सोमवारी डब्याला हात लावला नाही. एकेक ठिपका द्यायला लागले. अकरावा दिल्यावर पट्टी ठेवली. जवळपासच्या गुच्छांची रेष सरळ पुढे गेली आणि ते अकरा तिच्यावर ओळीनं बसले. चष्मा काढून एप्रनला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा बघितलं. मी भेंडीची भाजी खात होतो. डबा मी तसाच झाकून ठेवला. पण एवढा आनंदी माणूस बघून वाटलं, जाऊ दे, आभाळातले गुच्छ काय तक्रार करायला येणार आहेत?

पुण्यात हौशी खगोलवाल्यांचा एक मेळावा व्हायचा, एका शाळेच्या हॉलमध्ये, तीसचाळीस माणसं. साहेबांनी आपलं टिपण पाठवलं आणि त्यांना वीस मिनिटं मिळाली. गुंडाळलेला आलेख धरायला मी सोबत. एसटी स्टँडवर मी हाता-पाया पडून त्यांना एप्रन काढायला लावला, तर आत सदऱ्याची कॉलर फाटलेली. एप्रन पुन्हा चढला. भाषण त्यांनी लोकांकडे पाठ करून, आलेखाला नाक लावून केलं. मागच्या रांगेला काही ऐकू गेलं नसेल. पण आलेख दिसत होता. टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक उठले. खरेखुरे, तारे हेच काम असलेले. ते पुढे आले, रेषेवरून बोट फिरवत टोकापर्यंत गेले. "हे लांबचे अकरासुद्धा?"

"हो," साहेब म्हणाले.

"मला वाटलं नव्हतं. कमाल आहे."

मी आलेखाचं टोक धरून उभा होतो. माझ्या हातून ते दोनदा सुटलं, तेव्हा साहेब हळूच म्हणाले, "दमलात का? खाली ठेवा." परतीच्या बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला वाटलं झोपले. तेवढ्यात म्हणाले, "येवलेवाले, तुमच्या अकरांनी काम केलं." त्यांनी मला असं कधी काही म्हटलं नव्हतं. मी जागा बदलून पुढे जाऊन बसलो.

तीन आठवड्यांनी प्राध्यापकांचं पत्र आलं. उन्हाळ्यात दोन महिने आमच्या विभागात येऊन बसा, हे नीट लिहून काढू, दोघांच्या नावानं छापायला पाठवू. साहेबांनी पत्र मला वाचायला दिलं, मग परत घेऊन स्वतः वाचलं, मग पुन्हा मला दिलं. अंबडच्या फाउंड्रीतला केमिस्ट, स्वतःच्या हिशेबात मॅट्रिकच्या पुढे एक पायरी शिकलेला, आणि त्याला विद्यापीठातला माणूस बरोबरीनं बसायला बोलावतोय! त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. काकूंनी सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरी उलटून शिवल्या. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: लांबच्या अकरा गुच्छांचे धातूंचे आकडे कुठल्या अंकात, कुठल्या पानावर आहेत ते कळवावं.

"पान सांगा हो," साहेब म्हणाले.

"वहीत आहे साहेब. घरी."

आणि मी ताप आला म्हणून येवल्याला पळालो. चार दिवस पांघरूण घेऊन पडलो. आई कपाळाला हात लावून म्हणायची, "मेल्या, ताप कुठाय तुला?" शेजारच्या घरात पैठणीचा माग खटखट चालायचा. त्या बाईच्या हातून एक धागा चुकला तर ती उसवून परत बसायची, आणि इकडे मी अख्खं आभाळ पेनानं विणून आलो होतो. काय काय सुचलं म्हणून सांगू! ग्रंथालय जळालं म्हणावं. वही चोरीला गेली म्हणावं. आपणच मरून जावं, हेही एकदा येऊन गेलं, पण भूक नीट लागत होती. शेवटी डोळे मिटले की साहेब पत्राची घडी करून एप्रनच्या खिशात ठेवताना दिसायचे, आणि ते सहन होईना.

सोमवारी साडेबाराला त्यांनी टेबल पुसलं तेव्हा मी उभा राहिलो आणि बोलून टाकलं. शिकरणीपासून.

त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "किती?"

"अकरा."

"बाकीचे बघून लिहिलेत?"

"हो साहेब, आईशप्पथ."

"कुठले ते दाखवा." मी लाल पेन्सिलीनं अकरा ठिपक्यांभोवती गोल केले. लहान मुलाला लिहायला शिकवताना देतात तसा त्यांनी मला कागद सरळ करून दिला.

"अंदाज कशावरून केलात?"

"तुमच्याच रेषेवरून, साहेब."

त्यांनी पट्टी रेषेवर ठेवली आणि उचलली. "म्हणजे मी माझीच रेष मोजली," असं म्हणाले, आणि उठून ब्युरेट धुवायला गेले. ती आधीच धुतलेली होती. मला वाटलं होतं ते ओरडतील, हाकलून देतील. तसं झालं असतं तर मी इतका रडलो नसतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज मागे घेतला आणि पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणला. मेळाव्यातल्या हजेरीच्या वहीवरून सगळ्यांचे पत्ते त्यांनी मागवून घेतले. पत्ते आल्यावर डब्याच्या सुट्टीत आठवडाभर ते कार्डं लिहीत बसले. प्रत्येकावर तोच मजकूर: मी दाखवलेल्या आलेखातले शेवटचे अकरा ठिपके मोजमापावरून काढलेले नाहीत. ते खोटे आहेत. कृपया विसरावेत. खाली सही.

"साहेब, माझं नाव लिहा ना," मी म्हणालो. "लोक तुम्हाला लबाड समजतील."

"रिपोर्टवर सही कुणाची असते?"

"तुमची."

"मग तुमचं नाव कशाला? तुम्ही कोण?"

त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं, साधं विचारलं होतं. कार्डं पोस्टाच्या पेटीत टाकायला त्यांनी मला दिली नाहीत. सायकलवर स्वतः गेले. प्राध्यापकांचं उत्तर आठ दिवसांत आलं. दीड ओळ. आपले पत्र मिळाले, योजना तूर्त रद्द समजावी. काकूंना काय सांगितलं कोण जाणे. त्या मला पुन्हा भेटल्या तेव्हा "चहा घेता का" एवढंच म्हणाल्या, आणि मी कप तसाच ठेवून निघालो.

त्यानंतर मी पेनाची टेस्ट सोडली. यात काही थोर नाही. हातच चालेना. पाचव्या हीटचा रकाना आला की साहेबांची सही दिसायची.

महिन्याभरानं मी कुणाला न सांगता पुण्याला गेलो. त्या दिवशी उपाशी बसलो. शिपायानं मला ओळखलं, म्हणाला, "आज उशी आणली का?" मी तो अंक उघडला, अकरा ओळी उतरवल्या, उलट्या वाचल्या, सुलट्या वाचल्या, पान लिहिलं, आणि शिपायाला म्हटलं, "तुम्ही एकदा वाचून दाखवा, मी ताडून बघतो." त्यानं वाचून दाखवले. भला माणूस.

सोमवारी मी तो कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी पान नंबर बघितला, माझ्याकडे बघितलं आणि कपाटातून आलेख काढला. लाल गोलांतले ठिपके त्यांनी खोडरबरानं पुसले होते, कागद तिथं खरवडलेला होता. ते एकेक खरा ठिपका द्यायला लागले. पहिला रेषेवर. दुसरा नाही. तिसरा तर भलतीकडेच. चार रेषेच्या जवळ पडले आणि सात कुठंही, कसेही. अकरा वर्षांची रेष टोकाला जाऊन विस्कटली. मी म्हणालो, "साहेब, माफ करा."

ते ऐकतच नव्हते.

"अहो, बघा तरी!" त्यांनी माझा दंड धरला. "नियम इथपर्यंतच आहे. पुढे नाहीच! हे बघा, हा किती लांब, आणि याच्यात धातू किती! हा पहिल्या हीटचा माल कसा असेल? हे आपल्या भट्टीचे नाहीतच, येवलेवाले. हे बाहेरून आलेत! दुसरी एखादी लहान आकाशगंगा आपल्याजवळ आली असेल, मोडली असेल, तिचे गुच्छ आपल्याकडे राहिले. आपल्या यार्डात दुसऱ्याच्या कारखान्याचं भंगार येतं ना, तुकडा तपासला की लगेच कळतं, हे आपलं नाही. तसं!" चष्मा नाकावरून घसरला तरी त्यांना पत्ता नव्हता. "आणि तुम्ही यांना रेषेवर बसवलं होतं. सगळ्यात मोठी गोष्ट झाकली होती हो तुम्ही!"

त्यांनी त्याच दिवशी प्राध्यापकांना लिहिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. मेळाव्यालाही लिहिलं, वीस नको, दहा मिनिटं द्या. तिथूनही नाही. मी त्या लोकांना दोष देत नाही. ज्यानं स्वतःच्या सहीनं 'माझे ठिपके खोटे आहेत' असं कळवलं, त्याचे नवे ठिपके कुणी का बघावेत?

साहेब जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ते गेल्यानंतर केव्हातरी मी वाचलं, की लांबचे बरेच गुच्छ खरंच बाहेरून आलेले आहेत, हे आता सगळे मानतात, आणि तिकडे परदेशात काही जण आमच्या आधीपासून तसं म्हणत होते. म्हणजे साहेब काही पहिले नव्हते. पण त्यांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. अंबडमध्ये, डब्याच्या सुट्टीत, पेन्सिलीनं त्यांनी ते शोधलं होतं.

खरे ठिपके दिले त्या दुपारी एकचा भोंगा झाला तरी त्यांनी कागद आवरला नाही. ते उभे राहिले, एप्रनची बटणं लावली, आणि या वेळी आलेखाकडे पाठ करून, तोंड समोर ठेवून, सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, भरलेल्या हॉलला सांगावं तसं, चांगला तासभर. समोर स्टुलावर मी एकटा होतो. बाकी कुणी का नव्हतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, आणि मी शेवटपर्यंत मान डोलवत राहिलो.